वेणूबाईंची सतरा शोधसूत्रं

वैजनाथ मुखेडकर पाटबंधारे खात्यात लेखनिक होते आणि आमच्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीसाठी पंधरा वर्षं गूढ शब्दकोडं रचत होते. पुरवणीची पानं मी लावत असे. दर गुरुवारी ते कोथरूडहून स्कूटरवर यायचे, कोड्याचा कागद माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मागच्या आठवड्याच्या उत्तरांची फोडही द्यायचे. उत्तर काय, यापेक्षा ते तसं का, हे सांगण्यात त्यांना खरा आनंद होता. "कडक मळक्या कपड्यांत दडलेलं फूल" असं सूत्र असेल, तर फोडीत ते लिहायचे: 'कडक मळक्या' ही अक्षरं सलग वाचा, पोटात 'कमळ' सापडेल.

वाचकांची पोस्टकार्डं कचेरीत यायची आणि मी ती गठ्ठा बांधून त्यांना द्यायचो. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे बरीचशी मी वाचलेलीही असत. अठ्ठ्याण्णव सालापासून त्यांत लोणी काळभोरचं एक कार्ड नेमानं येऊ लागलं. ठसठशीत अक्षर, खाली 'सौ. वेणूबाई काळभोर'. या बाई कोडं सोडवून थांबत नसत. शेवटी स्वतःचं एखादं सूत्र आणि त्याचं उत्तर लिहीत. 'फोड तुम्ही कराल,' एवढंच वर.

त्याच सुमारास आमच्याकडे संगणकाचं पान सुरू झालं. कोडं बंद करून ती जागा संगणक कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना द्यावी, असं संपादकांच्या मनात होतं. मुखेडकरांना ते कळलं होतं. त्यांची सूत्रंही हल्ली शिळी पडत चालली होती. दोन हजार एक सालच्या एका गुरुवारी ते तापानं फणफणलेले आले. कोड्यातलं एक सूत्र मला ओळखीचं वाटलं. मागच्या आठवड्यात लोणीच्या कार्डावर वाचलं होतं मी ते. कोड्याखाली नाव मात्र नेहमीसारखं त्यांचंच.

मी काही बोललो नाही. ताप आहे, एखाद्या वेळी होतं, असं मनाशी म्हटलं. दोन वर्षांत अशी सतरा सूत्रं गेली. सतराही वेळा मी बोललो नाही.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मराठी दिनाला मुखेडकरांना बोलावलं. मी सोबत गेलो. वातानुकूलित सभागृह, मोठा पडदा, समोर दीडशे तरुण पोरं आणि काहींनी हौसेनं आणलेले आईवडील. मुखेडकर नवा सदरा घालून आले होते. पहिली वीस मिनिटं त्यांनी सभा जिंकली. "नदी उलटी वाहिली आणि माणूस गरीब झाला," ते म्हणाले, आणि कुणीतरी मागून 'दीन' ओरडलं तेव्हा स्वतःच टाळी वाजवली.

मग म्हणाले, "आता माझं सगळ्यांत आवडतं." पडद्यावर सूत्र आलं: 'मूठ धरली तर पेरणी, सोडली तर निलाजरेपण (२)'.

ते लोणीच्या कार्डावरचं होतं.

"उत्तर आहे 'चाड'," मुखेडकर म्हणाले. "चाड सोडली की माणूस निलाजरा होतो, हे सरळ आहे. आणि मूठ म्हणजे मनाची मूठ. मन मुठीत ठेवलं की सद्विचारांची पेरणी होते."

पुढच्या रांगेतला अभिनव नावाचा मुलगा हात वर करून म्हणाला, "सर, सॉरी, पण हे जरा ओढूनताणून नाही वाटत?"

"कोड्यात थोडं ताणावं लागतं," मुखेडकर हसून म्हणाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतून नऊवारीतली एक बाई उठली. शेजारची मुलगी तिचा पदर ओढून खाली बसवू बघत होती.

"मी बोलू का जरा?" बाई म्हणाली. "ती मूठ मनाची न्हाई. चाड्यावरची हाय. पेरायच्या पाभरीला वर लाकडाची वाटी असती, तिला चाडं म्हणत्यात. मुठीत बी घेऊन मूठ चाड्यावर धरायची आन् बी बेतानं सोडत जायचं. तशी पेरनी व्हती. कोड्यात अनुस्वार धरायचा न्हाई, असं तुमीच मागं लिवलं व्हतं."

सभागृहात टाळ्या पडल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं कौतुकानं विचारलं, "आजी, तुम्ही कोडी सोडवता? नाव काय तुमचं?"

"सोडवते की. वेणूबाई काळभोर. ही माझी नात नम्रता, हितं कामाला हाय." आणि बाई खाली बसली. सूत्र माझं आहे, हा शब्द तिनं काढला नाही.

मुखेडकरांच्या हातात माईक तसाच होता. मला वाटलं, आता तरी सांगतील. "बरोबर आहे त्यांचं. मला माहीत नव्हतं," ते म्हणाले आणि पुढची स्लाइड लावायला सांगितली.

परतीच्या गाडीत चांदणी चौक आला. तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत होतं हो. दहा वर्षांचा होईपर्यंत पाहिलंय मी. गावाकडे वडील तिफण हाकायचे आणि आई चाड्यावर मूठ धरायची. पुण्यात आल्यावर बोलणं सुधारता सुधारता सगळं पुसून टाकलं. चोरलं ते चोरलं, आणि काय चोरलं तेही कळलं नाही."

"मी वाचली होती ती कार्डं," मी म्हणालो. "पहिल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काच खाली केली.

पुढच्या रविवारी ते बसनं लोणीला गेले. वेणूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. पुढचं सगळं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, स्वतःबद्दलचं काही न वगळता.

"तुमचं नाव छापायला हवं होतं," मुखेडकर उभ्याउभ्याच म्हणाले.

"व्हय, छापायला हवं व्हतं." सूप थांबलं नाही. "पयल्या बारीला वाटलं, चुकून ऱ्हायलं. दुसऱ्या बारीला सुनंला दावलं. ती म्हनली, कोन इस्वास ठेवंल तुमच्यावर? मंग कुनाला दावलं न्हाई."

"मग तुम्ही पाठवत का राहिलात?"

"माझं लिवलेलं छापून आलेलं बघायचं व्हतं. तुमच्या नावानं का हुईना. दुसरं कोन छापनार व्हतं माझं?"

बाईंनी चहा दिला. तो पिऊन मुखेडकर परतीच्या बसला निघाले.

त्यांनी खुलासा लिहून आणला तेव्हा संपादकांनी तो परत केला. "कशाला? महिनाभरात कोडं बंदच करतोय. गुपचूप संपू द्या." मुखेडकर कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. उत्तरांची फोड संपादक कधी वाचत नसत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी त्या जागी खुलासा लावला. सतराही सूत्रं, त्यांच्या तारखा, आणि खाली एक ओळ: 'ही सूत्रे सौ. वेणूबाई काळभोर यांची असून मी ती माझी म्हणून छापली. वै. मुखेडकर.'

मला लेखी ताकीद मिळाली आणि कोडं त्याच आठवड्यात बंद झालं. पत्रं फारशी आली नाहीत. सदाशिव पेठेतलं एक मात्र मुखेडकरांनी पाकिटात जपून ठेवलं: 'आपण शब्द रचत नसून उचलत होतात, हे समजले. आडवे की उभे, तेवढे कळवावे.' त्यांच्या पत्नी, ललिताबाई, मला म्हणाल्या की भाजी आणायलाही ते आता लांबच्या मंडईत जातात.

वर्षभरानं एका साप्ताहिकाला कोडं हवं होतं. मुखेडकरांनी वेणूबाईंचं नाव आणि पत्ता कळवला, आपला उल्लेख न करण्याच्या अटीवर. तेव्हापासून तिथे वेणूबाईंच्या नावानं कोडं येतं. कुळव, पाट, वाफे, जात्यावरचे शब्द असतात त्यात. शहरातल्या लोकांची चांगलीच दमछाक होते.

मुखेडकर निवृत्त झालेत. दर आठवड्याला ते कोडं पेन्सिलीनं पूर्ण सोडवतात, समासात फोडही लिहितात. बरोबर उत्तरं पाठवणाऱ्यांची यादी पुढच्या अंकात छापून येते. तुम्ही का पाठवत नाही, असं मी एकदा विचारलं.

"कुठल्या तोंडानं पाठवू?" ते म्हणाले आणि अंक घडी करून ठेवला.