आक्काचं वाकडं तोंड

कऱ्हाडच्या बाजारात आक्का करंजेल विकायला बसली की आधी पळीभर स्वतः चाटायची. करंजाच्या बियांचं ते तेल कडूजहर. एक डोळा मिटायचा, नाक वर चढायचं आणि तोंड थेट डाव्या कानाकडे निघायचं. ते बघायला माणसं जमत. "माझं तोंड वाकडं झालं न्हाई तर घिऊ नगा," ती बजावायची. मगच बाटल्या पुढं येत.

लढाईपायी रॉकेल मिळेना, घरोघर करंजेलाचे दिवे लागले आणि एकट्या राहणाऱ्या आक्काची चूल नीट पेटू लागली. मी मॅट्रिकला दोनदा आपटून रिकामा होतो. दोनदा नापास झालेला माणूस स्वतःला चांगलाच शिकलेला समजतो. तिच्याच शेजारी मी डबा मांडला. उग्र वास मला कमीपणाचा वाटला, म्हणून अर्धं शेंगदाण्याचं गोडं शेंगतेल मिसळलं आणि लोकांसमोर हसत हसत चाटून दाखवलं. दुपारच्या आत डबा रिकामा!

"हसतूयास कशाला रं?" आक्कानं विचारलं.

"आवं आक्का, सुधारणा!"

पुढच्या बाजारी सुधारणेची वरात आली. कडू करंजेलाला उंदीर तोंड लावत नाहीत. माझ्या तेलातल्या वाती मात्र त्यांनी जळत्याच पळवल्या होत्या. एकाची तर कडब्याची गंजी थोडक्यात वाचली होती.

"लेका, उंदरांची पंगत घातलीस की!" तो गंजीवाला पैलवान गडी गरजला. "आता करंजेलच नगं. हिचंबी नगं!"

लोक पाठ फिरवू लागले. आक्काचं पोट तिच्यापुढच्या दोन डब्यांवर होतं. तिनं माझं तेल बोटानं चाटलं. तोंड जराही हललं नाही. म्हटलं, आता मेलो.

"ह्यो माझा गडी हाय," ती उठून म्हणाली. "शिकवायचं ऱ्हायलं, चूक माझी. आणा बाटल्या हिकडं."

बाटलीला बाटली तिनं आपलं तेल फुकट भरून दिलं. दोन्ही डबे संपले. मग माझ्याकडे वळली. "मुडद्या, आता माझं डबं तू उचलायचं. आन् आधी तू चाटायचं. तुझं तोंड तर मुळातच वाकडं हाय, लय बरं झालं."

लढाई संपली तरी रॉकेल काही पटकन आलं नाही. आमची जोडी बाजारात जमून गेली. एका थंडीत आक्का गेली.

त्या आठवड्याच्या बाजाराला मी एकटाच बसलो. पळी चाटली. माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि ते हलेचना. कडू म्हणून काही लागेचना.

"व्हय रं, परत शेंगतेल घातलंस?" तोच पैलवान.

मी पळी त्याच्यापुढं धरली. त्यानं चाटली. एक डोळा मिटला, नाक वर चढलं, तोंड डाव्या कानाकडे निघालं. हुबेहूब आक्का! माणसं हसली, मीही हसलो. बाटल्या पुढं आल्या. तेलाची धार मात्र बराच वेळ मला बाटलीच्या तोंडात धरता येईना.