गाण्याच्या खोलीचा फ्यूज

एका चालू गाण्याचा फ्यूज मी काढला, आणि तोही जाणूनबुजून. हे लहानपणी घडलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पण तेव्हा मी पासष्टीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

बेलापूरजवळ रस्त्याला लागून आमची एक खोली आहे. पूर्वी तिथं गावाचं दूध गोळा व्हायचं. केंद्र दुसरीकडं हललं, खोली रिकामी पडली. संगमनेरला शिकून आलेली माझी नात एक दिवस म्हणाली, "आजी, ती खोली दे ना. गावातल्या पोरापोरींनी तिथं जमायचं, वाजवायचं, स्वतःची गाणी करायची. आजची गाणी."

"का, कालच्या गाण्यांना काय धाड भरली?" मी विचारलं. पण किल्ली दिली. आणि त्याच दिवसापासून पाळत ठेवायला लागले.

संशयाला जागा होतीच. आधी त्यांनी खिडक्या बुजवल्या. मग भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, त्यावर माझ्या पेटीतल्या जुन्या गोधड्या ठोकल्या. दाराच्या आत आणखी एक दार बसवलं. तुम्हीच सांगा, चांगल्या कामाला दोन दारं कशाला लागतात? आमच्याकडं बारशाला गाणी लावली तरी नदीपलीकडच्या गावाला कळतं की कुणाला तरी पोरगं झालंय. आणि इथं आत गिटारी जायच्या, ड्रम जायचे, पोरं घाम पुसत बाहेर यायची, पण आवाज म्हणून यायचा नाही. कुणालाच ऐकू न जाणारं गाणं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यात आमची सून. कामाला वाघ, तोंडानं मुकी. ती अचानक रोज दुपारी दळणाला जायला लागली. चार माणसांच्या घरात रोज दळण? एकदा ती परत आल्या आल्या मी डब्यात हात घातला. पीठ गार! गिरणी घरापासून हाकेच्या अंतरावर. ताज्या पिठाचा हाताला कसा चटका बसतो. म्हणजे दळण झाल्यावर बाई कुठंतरी थांबत होती. माझ्यातल्या फौजदारानं मिशीला पीळ दिला.

खोलीचं उद्घाटन संध्याकाळी होतं. जागा माझ्या नावावर, म्हणून नारळ मीच फोडायचा. नातीनं बजावलं होतं, "आजी, सहाच्या आत तिकडं फिरकू नकोस." एवढं सांगितल्यावर कोण थांबतं? मी चारलाच गेले. बघते तर सून हातात डबा घेऊन, इकडंतिकडं बघत, सरळ त्या खोलीत शिरली! दार बंद. मी कान लावला. आत चिडीचूप. मीटर बाहेरच्या भिंतीवर होता. हात वर केला, फ्यूज उपसला आणि आता सगळे रंगेहाथ बाहेर पळतील म्हणून पदर खोचून उभी राहिले.

कुणी पळालं नाही. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि नात मोबाईलची बॅटरी लावून बाहेर आली. तिची नजर आधी माझ्या तोंडावर पडली, मग हातावर.

"आजी, हे काय आहे हातात?"

"मी म्हटलं, लाइट गेली का काय ते बघावं."

"तूच घालवलीस ना!" ती रडायच्या बेतात होती. "आई गात होती आत. तिनंच रचलेलं गाणं. लोकांपुढं गायला लाजते, म्हणून आज रेकॉर्ड करून संध्याकाळी सगळ्यांना ऐकवणार होतो. किती पाया पडले तिच्या, तेव्हा कुठं तयार झाली ती."

मी आत गेले. मोबाईलच्या उजेडात सून माइकसमोर उभी होती. पिठाचा डबा तिनं कधीच काखेत मारला होता.

"मी घरी जाते," ती लेकीला म्हणाली. "चुलीवर काय न्हाई अजून. मला न्हाई जमायचं आता."

आतल्या पोरांनी घड्याळ बघितलं. सहाला गाव येणार होतं आणि त्याला ऐकवायला काही नव्हतं.

मी मुकाट्यानं जाऊन फ्यूज बसवला आणि परत आले. नातीनं आईच्या काखेतला डबा काढून घेतला. "गा बाई," मी म्हटलं, जशी काही मीच परवानगी देणार होते. आणि दारातच कमरेवर हात ठेवून उभी राहिले. बघू तरी काय गाते!

तिनं तोंड उघडलं. काहीच नाही. खाकरली, पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. पोरं माझ्याकडं बघायला लागली आणि मी छताकडं. शेवटी तिनं माइक बाजूला सारला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ माझ्याकडं बघत म्हणाली,

"आत्याबाई, एक तर खाली बसा, न्हाईतर घरी जा. तुमी अशा उभ्या ऱ्हायल्या की माझा आवाज फुटत न्हाई."