हळदीच्या गाळ्यातलं घड्याळ

धनाजी शेलार वाशीच्या मसाला मार्केटात माथाडी. सत्तावीस वर्षं पोती वाहून मान खांद्यात गेलेली, तळहात खरवडून निघालेले. असल्या गड्याला नाद कसला असावा? तंबाखूचा, फार तर गावाकडच्या बैलगाडा शर्यतीचा. याला नाद चावीच्या घड्याळांचा! सेलवर चालणारं घड्याळ कुणी फुकट दिलं तरी तो मनगटाला बांधायचा नाही. "त्यात जीव न्हाय," म्हणायचा, आणि विषय संपला.

बोनकोड्यातल्या खोलीत, कपाटात बायकोच्या शालूशेजारी त्याची मखमल लावलेली पेटी. त्यात एकोणीस घड्याळं. रोज सकाळी कामावर निघण्याआधी चहा गार करून हा एकेकाला चावी देणार, कानाला लावणार, चाल ऐकणार. त्याची बायको उज्वला म्हणायची, "एवढी माझी इचारपूस केली असती, तर संसार झाला असता."

ज्ञान मात्र दांडगं. रविवारी वाशीतल्या एका हॉटेलात घड्याळांचे शौकीन जमायचे. बँकेतले साहेब, डॉक्टर, वकील. आपापला माल रुमालावर मांडायचे आणि धनाजीकडे बघायचे. हा डोळ्याला भिंग लावायचा आणि तोंडावर सांगायचा, "डायल रंगवलीया साहेब. मेलं हे घड्याळ." भीडभाड कसली ती नाही. जुनी डायल डागाळलेली असली तरी तीच खरी, तिच्यावर रंग चढवला की घड्याळाचा सगळा जन्म पुसला, असं त्याचं ठाम मत. दोन डॉक्टर त्याच्याशी बोलायचे बंद झाले. त्याला काय फरक पडतो?

पेटीतलं पहिलं घड्याळ त्याच्या वडिलांचं, बाबासोंचं. तेही माथाडीच. पोतं उचलताना घड्याळाला दणका नको म्हणून ते हळदीच्या गाळ्यात एका खिळ्याला घड्याळ लटकवायचे. काच जराशी सैल, गाळ्यात दिवसभर हळद उडतेय. पांढरी डायल वर्षं जातील तशी पिवळी होत गेली, सहाच्या आकड्यापाशी तर अगदी अंगाला हळद लावल्यासारखी. शौकिनांनी किती मागितलं ते घड्याळ! धनाजीने कधी दिलं नाही.

त्याची मुलगी ज्ञानेश्वरी ऐरोलीत एका कंपनीत कामाला. तिला या नादाचा भारी वैताग. "आप्पा, मोबाइलमध्ये टाइम दिसतो की," एवढंच तिचं म्हणणं. पेटी उघडली की ती उठून जायची. ते त्याला लागायचं, पण बोलायचा नाही.

आणि त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तिनेच त्याच्या हातात डबी ठेवली. आत बाबासोंचं घड्याळ. तो चार दिवस गावी गेला असताना तिने ते गुपचूप एका दुकानात देऊन नवं करून आणलं होतं. डायल दुधासारखी पांढरी, आकडे काळे कुळकुळीत, बाहेरचं धातूचं कवच घासून चकचकीत. हळद पार गेली होती. पुसून रंगवलेली डायल परत मिळत नसते, हे धनाजीपेक्षा कुणाला जास्त ठाऊक?

"कसं झालंय?" ज्ञानेश्वरीने विचारलं. तिचे डोळे त्याच्या तोंडावर.

खरं बोलावं, तर आज पहिल्यांदा त्याच्या बाजूला आलेली पोर परत उठून जाणार. झकास म्हणावं, तर बाबांशी खोटं बोलल्यासारखं. त्याने घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"चाल तीच हाय गं," तो म्हणाला. "बाबांचीच."

ती खूश झाली. धनाजी मोरीत गेला, नळ सोडला आणि ढसाढसा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने ते घड्याळ बांधून मार्केट गाठलं. हळदीच्या गाळ्यात बाबांचा खिळा अजून होता. त्याने काच जरा सैल केली आणि घड्याळ तिथं लटकवलं. टोळीतला धनेश चक्रावला. "दादा, धुळीत? घड्याळाला धूळ लागली तर तुमीच आमाला शिव्या घालता!"

"लटकू दे," धनाजी म्हणाला आणि पोत्याला लोखंडी आकडा लावला.

असं दोन वर्षं चाललं. रोज सकाळी खिळ्याला, संध्याकाळी मनगटाला. एका रविवारी जेवताना ज्ञानेश्वरीचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं.

"आप्पा, सहाच्या आकड्यापाशी पिवळं पडलंय. परत रंगवून आणू?"

"नगं, नगं," धनाजीने हात मागे घेतला. "आत्ता कुठं बाबांचं दिसाय लागलंय."

ती घास हातात धरून बसली. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मी वाटोळं केलं ना त्याचं? मग तेव्हाच का नाही बोललात? त्या डॉक्टरांना तर तोंडावर बोलता."

धनाजीने घड्याळ काढून तिच्या तळहातावर ठेवलं.

"तू पहिल्यांदाच माझ्या पेटीला हात लावला हुतास गं," तो म्हणाला. "काय बोलणार मी?"