नव्या मॉडेलचं छप्पर

आमच्या गावचा माणूस कुणाच्याही घरात शिरला की आधी वर बघतो. चप्पल काढायच्या आधी, देवाला हात जोडायच्या आधी, पाण्याचा तांब्या हातात घ्यायच्या आधी तो वर बघतो. लग्न होऊन मी नांदेडला आले तेव्हा सासूबाईंना वाटलं, नवी सून जाळीजळमटं शोधतेय. तो राग त्यांनी पुढे बरीच वर्षं लोणच्यासारखा मुरवला. ज्यांच्या डोक्यावर छत कधी पडलं नाही त्यांना हे सांगून कळत नाही, म्हणून मीही सांगत बसले नाही.

आमचं घर दगडमातीचं होतं, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाडजूड थर. पहाटे भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते आणि वडिलांजवळ, म्हणजे आबांजवळ, बाहेर बाजेवर झोपले होते. आईला गारठा सोसत नसे, ती आत होती. मोठा भाऊ, म्हणजे दादा, बारावीसाठी लातूरला खोली करून राहत होता. उजाडलं तेव्हा घराच्या जागी ढिगारा होता आणि ढिगाऱ्याखालून आई बोलत होती. तिच्यावर एक तुळई तिरपी अडकली होती. आबा उताणे सरकत अर्धे आत गेले, तळहातांनी ती तुळई वर रेटून धरली आणि मला माणसं आणायला पिटाळलं. माणसं कुठून येणार, ज्याचं त्याला पडलं होतं. मी दोघांना घेऊन परतले तोवर आबांचा खांदा सोलला होता आणि आई बोलायची थांबली होती.

"हात थकले माय," आबा मला म्हणाले. "तिला म्हनलो, थांब जरा. मंग तुळई सुटली."

त्यानंतर ह्या विषयावर ते बोलले नाहीत. दादा दुपारी लातूरहून आला. त्याला हे सगळं मी सांगितलं, त्या दिवशी सांगितलं आणि पुढेही अनेकदा सांगितलं.

सरकारने आधी पत्र्याची शेडं दिली, मग सिमेंटची घरं. आबांनी सिमेंटच्या घरात ज्वारी आणि शेळ्या ठेवल्या आणि स्वतः पत्र्याखाली राहिले. पाहुणे हसायचे. आबा म्हणायचे, "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. मानूस मरत न्हाई."

दादा लातूरलाच राहिला आणि रसायनशास्त्राचा सर झाला. तेव्हा लातूरला सर होणं म्हणजे विहिरीला पाणी लागण्यासारखं होतं. रेणापूरपासून हिमायतनगरपर्यंतचे आईबाप पोरांना पेटी-गादीसकट आणून सोडत. दादाचा क्लास एका खोलीतून मजल्यावर आणि एका मजल्यावरून चार मजल्यांवर गेला. मग बंगला आला. प्लॉटची कड न् कड बांधून काढलेला बंगला, अंगण म्हणून तळहाताएवढी माती ठेवली नाही. आबांचे गुडघे गेले तेव्हा दादाने त्यांना तिथे आणलं. सुरुवातीला ते गच्चीवर झोपत. पुढे जिना चढवेना. खोलीत पलंग टाकला, आबा त्यावर दिवसा बसत, पण पाठ टेकत नसत. अंधार पडला की खुर्ची ओढून दारात बसायचे.

त्याच सुमाराला दादाने पहिली उंच बुडाची गाडी घेतली. धड जीप नाही, धड मोटार नाही, अशा त्या गाड्यांची तेव्हा लाट आली होती. आबा तिच्यात बसले, वर बघितलं, बोटाने छत टकटक वाजवून पाहिलं आणि विचारलं, "पत्रा हाय का?" दादा हो म्हणाल्यावर त्यांनी पुढच्या सीटची पाठ मागे लोटली. उशीचा भाग काढला की ती मागच्या सीटला जाऊन मिळायची आणि सपाट बाज व्हायची. त्या दिवसापासून आबा गाडीत झोपायला लागले. गाडी पोर्चमध्ये लावलेली चालत नसे, कारण पोर्चवर स्लॅब होता. ती रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली लागायची. त्यांची वाकळ, तंबाखूची चंची आणि पाण्याचा तांब्या डिकीत. किती वर्षांनी आबा पाठ टेकून झोपत होते, हे माझ्याशिवाय घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या लक्षात आलं ते एवढंच, की गाडीला तंबाखूचा वास येतो.

मग ती बातमी आली. कंपनी तेच मॉडेल नव्या रूपात आणणार होती.

लातूर-नांदेडच्या त्या गाडीवाल्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. माझे यजमानही त्यात होते. त्यांच्याकडे गाडी नव्हती, हौस होती. ह्या ग्रुपची दर रविवारी रेणापूर नाक्याजवळच्या एका हॉटेलात बैठक भरायची. लातूरला माहेरी गेले की मीही जायचे, कारण इतका फुकटचा तमाशा दुसरीकडे नव्हता. बायकोच्या बाळंतपणाची ज्यांनी कधी काळजी केली नाही, ती माणसं गाडीचा नवा चेहरा कसा निघेल म्हणून चहा गार करत होती.

फिजिक्सच्या सरांना धास्ती होती की कंपनी एसीची गोल बटणं काढून सगळं काचेच्या पडद्यावर नेईल. "आपल्याकडं धूळ केवढी," ते म्हणत, "बोट कुठं ठेवायचं आन् लागंल काय." बालरोगतज्ज्ञांना नव्या मॉडेलच्या फोटोत पुढचे दिवे बारीक झालेले आवडले नव्हते. गाडी डोळे मिचकावते असं त्यांना वाटे, आणि पेशंटचे पालक काय म्हणतील ही चिंता. हिमायतनगरचे एक बागायतदार होते, त्यांचं दुःख स्टेपनीचं. नव्या गाडीत पाचवं चाक बारकं देणार असं त्यांनी ऐकलं होतं. "शेताच्या वाटंला पंक्चर झाली तर ते चाक काय गळ्यात बांधू?" असं ते प्रत्येक बैठकीत विचारत आणि प्रत्येक बैठकीत सगळे मान हलवत. बिल्डरसाहेबांना मात्र काही काळजी नव्हती, फक्त इच्छा होती. छत काचेचं पाहिजे आणि ते उघडलं पाहिजे, म्हणजे पोरीच्या वरातीत नवरा-नवरी वर उभी राहतील. त्यांच्या पोरीचं लग्न अजून ठरायचं होतं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार.

दादाला सगळंच पाहिजे होतं. आणि जुन्या गाडीला आता कोण विचारणार, ही सगळ्यांची सामाईक रड होती.

गाडी यायच्या आधी नांदेडच्या शोरूमने जुन्या मालकांना बोलावलं. तुमच्या अपेक्षा सांगा, शंका विचारा, असा मेळावा होता. आबा दादाला म्हणाले, "मला बी ने. माझं बी एक इचारायचं हाय." दादाने आणलं. मी घरून तिथे गेले. मधोमध फिरत्या चौथऱ्यावर ती नवी गाडी ठेवली होती. आबांनी दार उघडून घेतलं, आत डोकं घातलं आणि वर बघितलं. वर काच होती.

सगळ्यांचे प्रश्न झाल्यावर कंपनीच्या माणसाने विचारलं, "काका, तुमची काही शंका?"

"शीट निजतंय का?" आबांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आडवं होतंय का पुरतं? आन् वरी पत्र्याचं न्हाई का?"

पहिली हसायला सुरुवात बालरोगतज्ज्ञांनी केली. मग बिल्डर म्हणाले, "सर, आबांना गाडी नको, लॉज पाहिजे." लोक खुर्च्यांवर मागे रेलून हसले. दादा लाल झाला. बापाला हसले म्हणून तो लाल झाला असं मला क्षणभर वाटलं. तो मला हळू आवाजात म्हणाला, "कशाला आणलं यांना, शोभा करून घेतली नुसती."

कंपनीचा माणूस तेवढा हसला नाही. त्याने सांगितलं की सगळ्यात साध्या मॉडेलला छत लोखंडी आहे आणि त्याच्या सीटा जुन्यासारख्या पुऱ्या मागे पडतात. काच आणि अवजड सीटा फक्त टॉप मॉडेलला. आबांनी दादाकडे बघितलं. चारचौघांत दादाला नाही म्हणता आलं नाही. "तेच घेतो आबा," तो म्हणाला, "तुमची सोय बघूनच घेतो."

आबा परत जाताना जुन्या गाडीत खुशीत होते. मी खिडकीशी वाकले तर म्हणाले, "पोरगं चांगलं हाय गं."

दादाने टॉप मॉडेल घेतलं. मी फोनवर विचारलं तर तो उखडला. "अगं, साधं मॉडेल घेऊन मी क्लासच्या दारात उतरलो तर पालक काय म्हणतील? सरांचंच चालत न्हाई, आमची पोरं काय डॉक्टर करणार म्हणतील. इथं पोरं गाडीकडं बघून ॲडमिशन घेऊन राहिलेत." ह्यात खोटं काही नव्हतं. लातूरला तेव्हा सरांची गाडी हाच सरांचा निकाल होता. पण आबांना शब्द मी नव्हता दिला, त्याने दिला होता. मी तसं म्हटलं. "एवढा पुळका हाय तर तू ने," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

जुनी गाडी बदल्यात गेली. ती न्यायला माणूस आला तेव्हा वहिनीने वाकळ, चंची आणि तांब्या काढून पोर्चमध्ये ठेवला. आबा फाटकापर्यंत गाडीमागे चालत गेले.

नव्या गाडीचे पेढे वाटले त्याच दुपारी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. यजमान हसत हसत माझ्याकडे फोन घेऊन आले. "बघ, तुझे आबा."

दादाने पुढची सीट जाईल तेवढी मागे नेऊन आबांना तिच्यावर निजवलं होतं. मागे बसून कुणीतरी व्हिडिओ काढत होतं, तीन-चार जणांचं हसणं ऐकू येत होतं. गाडी पोर्चमध्ये होती. काचेतून वरचा स्लॅब दिसत होता, अगदी जवळ. आबा उताणे पडले होते आणि दोन्ही तळहात त्यांनी काचेला लावले होते. कोपरं थरथरत होती.

"आबा, सोडा हात," दादाचा आवाज आला. "पडत न्हाई ते."

"सोडत न्हाई."

"अहो, सोडा की."

"सोडत न्हाई म्हनलो ना. आदी तिला भाईर काढ."

मागे खसखस पिकली. कुणीतरी विचारलं, "कुणाला?" आणि तिथे व्हिडिओ संपला.

खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती. फिजिक्सच्या सरांनी विचारलं होतं, काच दणकट आहे ना? दादाने लिहिलं होतं, "टेस्ट झाली सर. पास."

त्याला माहीत होतं. आई कशी गेली ते त्याला शब्दन् शब्द माहीत होतं. यजमानांच्या हातातून फोन घेऊन मी त्या ग्रुपवर लिहिलं, "तिला म्हणजे आमच्या आईला." यजमान म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते स्वयंपाकघरात गेले.

त्याखाली हिमायतनगरच्या बागायतदारांनी विचारलं, नव्या गाडीचं ॲव्हरेज किती पडतंय. दादाने लगेच उत्तर दिलं, आकडा आणि अंगठा.

मी लातूरला जाऊन आबांना घेऊन आले. वहिनी निरोप देताना म्हणाली, "आता खोलीतच झोपतात हो वन्सं, काही कटकट न्हाई राहिली." आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, वर आणखी दोन मजले. एसटीत सगळ्या वाटेने मी ठरवत होते, गच्चीची किल्ली मागून घेऊ, उचलून वर नेऊ, वर पत्रा टाकून घेऊ, काहीतरी करू.

आबा एकेक पायरी चढून आले. दारात चप्पल काढली. देवाला हात जोडले. मी पाणी दिलं ते प्याले, आणि पलंग कुठे आहे ते विचारून जाऊन आडवे झाले. त्यांनी वर बघितलं नाही.