यादीआधीचे नाव

रविवारी चर्चमधल्या भक्तीनंतरच्या प्रीतिभोजनात मी वाढत होते. चर्चमागच्या पेरूवर चढलेल्या छोट्या रूथला उतरता येईना. तिने नुसती हाक मारली, "पप्पा." काय हवे ते सांगितलेच नाही. तिचे वडील वरणाच्या हातानेच धावले.

"चढताना नाही आठवला होय गं पप्पा?" म्हणत त्यांनी तिला उतरवले. ती खिदळत त्यांच्या गळ्यात पडली.

माझ्या बायबलात प्रार्थनेची यादी होती: बहिणीचे अवघड बाळंतपण, तारीख, डॉक्टर, रक्ताची सोय. जणू देवाला सगळे समजावून द्यायला हवे. येशूने मात्र प्रार्थनेत आधी 'बापा' म्हणायला शिकवले, रोजची भाकर मागायला नंतर. देवाचे धावून येणे त्या नावातच आहे.

मी यादी मिटली आणि पेरूखाली उभी राहून हसत एवढेच म्हटले, "बापा."