पहिली जोडी

माणसाचा कुठलाही बिघाड पायापासून दुरुस्त होतो, असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला: दापोडीच्या आमच्या चाळीतले लेझीमवाले मामा. कुणाचं भांडण होवो, कुणाचा अबोला असो, मामांचं औषध ठरलेलं. दोघांना समोरासमोर उभं करायचं, हातात लेझीम द्यायची आणि आपण गळ्यात हलगी अडकवायची. जयंतीच्या मिरवणुकीत आमचं पथक भलंमोठं दिसायचं, त्याचं खरं कारण हेच. निम्म्या जोड्या भांडणातून जमलेल्या, आणि भांडणांचा आमच्याकडे कधी तुटवडा नव्हता!

माझा डावा पाय जन्माचा अडाणी. मामा हलगी थांबवून सगळ्यांसमोर विचारायचे, "कंपनीत एवढं मोठं मशीन चालवतोस, आन् हा एक पाय चालवाया येईना व्हय गड्या?" मला असा राग यायचा! पण दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली की मी आपला विहारापुढच्या मैदानात हजर. एकदा नळावर दोन बायकांनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. त्यांना काही लेझीम देता येईना, म्हणून मामांनी एका उखळात मिरच्या घातल्या आणि दोघींना एकेक मुसळ दिलं. ताल चुकला की मुसळावर मुसळ. आधी शिव्या झाल्या, मग ठसका लागला, मग दोघी हसतच सुटल्या. "ज्याच्यासंगं ताल धरला, त्याच्यावर हात उचलत न्हाई," मामा म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या दोघी मिळून तिसरीशी भांडल्या, ही गोष्ट वेगळी.

पथकाची पहिली जोडी मात्र भांडणातली नव्हती. ती मामांच्या दोन मुलांची. दोघं एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. ते खेळायला लागले की मामा हलगी वाजवताना दुसरीकडे बघायचेच नाहीत.

मग कंपनीत संप झाला. थोरला गेटबाहेर बसला. धाकट्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले, घरात दाणा नाही. तो कामावर गेला. थोरल्यानं भर गेटवर त्याला गद्दार म्हटलं. संप मिटला, पण घरात मधोमध पडदा लागला. जयंती जवळ आली तसं मामांनी दोघांना मैदानात बोलावलं. "माज्यासाठी एकडाव हुभं ऱ्हावा रं."

"आबा, त्याच्यापुढं माजा पाय उचलत न्हाई," थोरला म्हणाला. धाकटा मान खाली घालून निघून गेला. मामा जाळावर हलगी शेकत बसून राहिले. शेकली, आणि वाजवली नाही. त्या वर्षी आमचं पथक निघालंच नाही.

थंडीत मामा गेले. तिरडीला पुढून दोन्ही मुलांनी खांदा दिला, एकमेकांकडे न बघता. मी मागच्या बाजूला होतो. यांचे पाय जुळेनात, तिरडी हिंदकळायला लागली, आणि मामांची मान इकडून तिकडे डुलायला लागली. मला बघवेना. रेल्वेचं फाटक ओलांडल्यावर थोरला समोर बघतच हळू म्हणाला, "डावा घे."

धाकट्यानं पाऊल बदललं.

तिथून नदीपर्यंत तिरडी जराही हलली नाही. माझा अडाणी पायसुद्धा चुकला नाही. "मामा, जोडी जुळली, बघा की," असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण ज्यांना सांगायचं, ते आमच्या खांद्यावर होते.