बैलानंतर नवऱ्याचा नंबर

पोळ्याच्या आधी आमचे हे बैलाच्या अंगावरच्या गोचिडी काढून नखावर चिरडत बसले होते. आठवड्याने त्यांना सणकून ताप भरला आणि हातापायांवर लाल पुरळ उठलं. सासूबाईंनी लगेच ठरवलं, "माता आली!" दाराला कडुलिंब बांधला, घरात फोडणी बंद आणि औषधाला तर मनाईच.

माझं डोकंच फिरलं. "मातेले काय सांगाचं ते मी सांगीन," म्हणत यांना गाडीवर बसवलं आणि आर्णीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी तळवे पाहिले, मग गुडघ्यामागची काळी खपली शोधली. "गोचीड चावली. तिच्यातल्या जंतूचा ताप आहे," म्हणाले, आणि रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता गोळ्या सुरू केल्या. ताप उतरला तसे हे फोडणीचं वरण मागू लागले.

आता हे गोचीड चिमट्यानेच काढतात, तेही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. संध्याकाळी सासूबाई अंगणात आधी बैलाचे कान, मान, जांघा तपासतात, मग लेकाचे कान, मान आणि गुडघे. मानेवरून बोटं फिरली की हेही बैलासारखेच डोळे मिटून हनुवटी वर करतात.

परवा घाईत सासूबाईंनी लेकाला आधी घेतलं, तर बैलाने मागून यांना चांगलीच ढुशी दिली.